पाटीवर उणे वीस

मित्रांनो, मी एका प्रयोगशाळेतला जुना फ्रीझर आहे. माझ्या वयाची यंत्रे आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतात. मला मात्र खाली मान घालूनच बोलावे लागेल.

कारखान्यात मला घडवले, तेव्हा माझ्या कपाळावर एक छोटी पाटी बसवली. आत किती थंडी आहे, ते तिच्यावर लाल आकड्यांत उमटते. शून्याच्या वीस अंश खाली, म्हणजेच उणे वीस, हाच माझा धर्म. पुढे मी या प्रयोगशाळेत आलो आणि काकांच्या हाताखाली पडलो. काका इथले जुने मदतनीस. यीस्टच्या पेशींमधून ते विकरे, म्हणजे एन्झाइम, वेगळी काढत. एक विकर काढायला त्यांना सहा आठवडे लागत. मग इवल्याशा नळ्यांत भरून ते माझ्या स्वाधीन करत आणि म्हणत, "सांभाळ रे बाबा."

कधी शाळेतली मुले बघायला येत. काका त्यांना सांगत, "पेशीला एकाचे दोन व्हायचे असते. त्याआधी आपल्या डीएनएची नक्कल करून ठेवावी लागते. एक विकर दोन धागे उलगडते, दुसरे एकेक अक्षर लावत नक्कल करते. पण त्याला एकाच दिशेने चालता येते. म्हणून एक धागा सलग बनतो आणि दुसरा तुकड्यातुकड्यांनी. ते तुकडे सांधायला तिसरे विकर येते."

"आणि नक्कल करताना चुकले तर?" एका मुलीने विचारले होते.

"तर ते मागे सरकते, चुकीचे अक्षर कापते आणि बरोबर लावते. माणसासारखे हुज्जत घालत नाही!"

मुले हसली. मीही तेव्हा मनातून हसलो होतो.

वर्षे गेली. माझ्या दाराचे रबर खालच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही असे फाटले. तिथून दमट हवा आत येऊ लागली आणि वर बर्फाचे थर चढले. माझी साफसफाई करावी म्हणून काकांनी कार्यालयात चिठ्ठी दिली. उत्तर आले, "चालतोय ना? मग राहू द्या."

मी चालत होतो, पण कसा? थंडी मोजणारी माझी तार वरच्या बर्फात गाडली गेली होती. तिथे उणे वीस होते. खालच्या कप्प्यात, जिथे काकांच्या नळ्या होत्या, तिथे मात्र ऊब शिरली होती. तुकडे सांधणारे विकर माझ्या पोटात नासत होते आणि माझ्या कपाळावर उणे वीस झळकत होते.

एके दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम माझ्यासमोरच काकांना म्हणाल्या, "सहाव्या प्रयोगातही तेच! तुकडे सांधलेच जात नाहीत. हे विकर तुम्हीच काढलंत ना?"

"हो मॅडम. नेहमीसारखंच."

"मग चालत का नाही? थंडीची नोंद बघा. रोज उणे वीस, तीही तुमच्याच अक्षरात. म्हणजे चूक हाताची."

काका काही बोलायला गेले, पण त्यांची नजर माझ्या पाटीवर पडली. ते थांबले. "असेल मॅडम. वय झालं."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले. पण मी घरघरण्यापलीकडे काय करणार?

दुसऱ्या दिवसापासून काका शेजारच्या खोलीत बाटल्या धुऊ लागले. दुपारी माझ्याजवळ उभे राहून त्यांनी काकूंना फोन केला, "नाही गं, काम हलकं झालंय. बरंच झालं की." फोन ठेवल्यावर त्यांनी पाण्याने भरलेली नळी बोटांत धरली आणि हात थरथरतो का, ते बराच वेळ पाहिले. हात जराही हलत नव्हता. तरी त्यांचा त्यावर विश्वास बसला नाही.

चार महिन्यांनी दुसरे एक यंत्र दुरुस्त करायला मेकॅनिकबाई आल्या. माझ्यापुढे जमिनीवर साचलेले पाणी पाहून त्यांनी आपला तापमापक माझ्या खालच्या कप्प्यात ठेवला.

"अहो, इथं तर शून्याच्या वर सहा आहे!"

"पाटीवर उणे वीस दिसतंय," मॅडम म्हणाल्या.

"पाटीचं काय घेऊन बसलात? तिची तार बर्फात रुतलीय. कोपऱ्यातलं रबर बघा, माझी दोन बोटं आत जातात."

मॅडमचा चेहरा उतरला. त्या तडक शेजारच्या खोलीत गेल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "काका, चूक तुमच्या हाताची नव्हती, माझी होती. न तपासता बोलले मी."

काका हातातली बाटली पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "चार महिने मी माझ्याच हातांकडे संशयानं बघतोय, मॅडम."

मॅडमनी ती बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली आणि त्यांना पुन्हा विकराच्या कामावर बोलावले.

काकांनी पुन्हा सहा आठवडे खपून विकर काढले. ते नव्या फ्रीझरमध्ये ठेवले गेले, आणि तुकडे सांधले गेले. मॅडमनी निकालाचा फोटो सर्वांत आधी काकांच्या हातात दिला.

मला भंगारात काढायचे ठरले. न्यायला माणसे आली, तेव्हा काका आडवे आले. "रबर बदला, बर्फ काढा. साधा बर्फ ठेवायला होईल की. त्याची काळजी कुणी घेतली नाही, त्याला तो काय करणार?"

मित्रांनो, शिव्या खाणे सोपे असते. ज्याचे नाव आपल्यामुळे खराब झाले, त्यानेच आपली बाजू घ्यावी, ही लाज फार जड असते. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, यंत्राची वेळेवर निगा राखा. आणि आमच्या आकड्यावर विसंबून कुणा कष्टाळू माणसाला दोष देण्याआधी, एकदा आमचे दार उघडून आत हात घालून बघा.