वापर शून्य

"नाही आलं," सालोमी म्हणाली आणि दिपिकाच्या तोंडाकडे न बघता तिचं कार्ड तिच्या हातात परत दिलं.

हे ती दिपिकाला तिसऱ्यांदा सांगत होती. चांदीपच्या पुढे, डांबर संपून माती लागते तिथे टेपाच्या पाड्याचं उपकेंद्र आहे. दोन खोल्या, एक टेबल, एक बाक आणि भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं पोस्टर. त्या पोस्टरवरची बाई आठ वर्षं हसते आहे. हसायला तिचं काय जातं, तिला कुणी कार्ड हातात देऊन परत पाठवलेलं नाही. सालोमी इथली आरोग्यसेविका. राहायला भुईगावला, रोज स्कूटीने पूर्वेला यायची. रविवारी मिस्साला जाणारी सालोमी आणि सोमवारी पाळणा लांबवायच्या सुया टोचणारी सालोमी यांच्यात कधी भांडण झालं नव्हतं. गावातल्या काहीजणींनी ते लावून द्यायचा प्रयत्न केला होता, पण सालोमीला तेवढा वेळ नव्हता.

दिपिका उठली नाही. मांडीवर आठ महिन्यांचं पोर, शेजारी सासू कृष्णाबाई.

"कवा येल?" कृष्णाबाईने विचारलं.

"माहीत नाही, मावशी."

"तुला माहीत नाय तं कोनाला माहीत? त्या फोटोतल्या बायला विचारू?"

या सासूला बोलण्याचा हक्क होता. दुसऱ्या बाळंतपणात दिपिकाचं रक्त थांबेना तेव्हा तिच्या पायाखालची चादर कृष्णाबाईनेच तीनदा बदलली होती. दोन्ही वेळा पोट फाडलेलं, वरून रक्त सहाच्या खाली. मोठ्या डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं होतं, "आता हिला दिवस गेले तर मी जबाबदार नाही." नसबंदी करायची तर आधी अंगात रक्त हवं. तांबी बसवायची तर पाळीला आणखी रक्त जाणार. उरली ती तीन महिन्यांची सुई. रक्त भरेपर्यंत ही सुई चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी कार्डावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. पहिली सुई मे महिन्यात झाली. दुसरी ऑगस्टअखेर द्यायची होती. आता नोव्हेंबर संपत आला होता.

"अल्पेशला खळ्यावर झोपवलाय मी," कृष्णाबाई म्हणाली. "भाताची राखन कर म्हनले. भात तं कवाचं घरात आलं. काल विचारत व्हता, आये, राखन कशाची करू, पेंढ्याची? मी म्हनले हां, पेंढ्याची कर."

दिपिकाला हसू आलं, ते तिने पोराच्या डोक्यावर लपवलं.

"हसतेस काय? मी दारात खाट टाकून झोपते. म्हातारपनी मला ही वाचमनगिरी! थंडी वाढली तं पोराला कवर भायेर ठेवू? लगीन झालेला पोरगा हाय माझा, कुत्रा नाय."

सालोमीने अल्पेशला निरोधची पाकिटं दिली होती. त्याने ती मान खाली घालून घेतली आणि घराच्या पत्र्यात खोचून ठेवली, ती अजून तिथेच होती. विरारच्या दोन औषध दुकानांत तिने स्वतः विचारलं होतं. ऑर्डर टाकावी लागेल, टोचायला मात्र तुमचा डॉक्टर बघा, म्हणाले. उपकेंद्रात बाहेरची सुई टोचायची नाही, असा नियम. आतली मिळत नाही, त्याला मात्र नियम नाही.

त्या दोघी गेल्यावर तिने प्राथमिक आरोग्य केंद्रात रमेशला फोन लावला. औषधांचा साठा आणि त्याचा कॉम्प्युटर तो सांभाळायचा.

"रमेश सर, माझ्या अकरा बायका लटकल्यात. माल कधी पाठवताय?"

"सिस्टर, चिडू नका. तुमची मागणीच शून्य आहे."

"दोनदा लेखी दिलंय मी!"

"कागद कोण वाचतं? मागच्या तिमाहीत किती वापरलं ते कॉम्प्युटर बघतो आणि पुढच्या तिमाहीला तेवढंच देतो. तुमचा वापर शून्य, शून्य, शून्य. मग देणार किती?"

"अहो, माल नव्हता म्हणून वापर नव्हता!"

"ते मला कळतं. त्याला कळत नाही."

"मग अकरा वापरले असं लिहा."

"लिहून बघितलं. शिल्लक नसताना वापरलं कुठून, विचारतो. लाल होतो आणि बंद पडतो."

सालोमीने कपाटातून मासिक अहवालांची फाईल काढली. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. तिन्ही तिच्याच अक्षरात. आवक, वापर, शिल्लक, खराब. आणि तीन ठिकाणी तिने स्वतः, सुवाच्य, गोल गरगरीत शून्य काढलं होतं. खरं होतं ते. एकही सुई टोचली नव्हती. सुईसाठी दारात येऊन किती जणी परत गेल्या, हे लिहायला त्या कागदावर जागाच नव्हती.

सुरुवात कुठून झाली तेही तिला आठवलं. जुलैत औषधांची गाडी यायची होती, त्या दिवशी कुठल्याशा उद्घाटनाला त्या गाडीतून खुर्च्या गेल्या. बस, एवढंच. चोरी नाही, लाच नाही. एका दिवसाच्या खुर्च्या. पण त्या तिमाहीत माल आला नाही म्हणून वापर झाला नाही, आणि वापर झाला नाही म्हणून पुढे माल आला नाही. वरच्या माणसाने कागद बघून समाधानाने मान डोलावली असणार, की या भागातल्या बायकांना सुईची गरज उरलेली नाही. गरज नसलेल्या बायकांपैकी एक पेंढ्याच्या राखणीवर नवरा बसवून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सालोमी वरच्या औषध भांडारात जायला निघाली तर कृष्णाबाई स्कूटीला हात लावून उभी.

"मी येते. तू लय मऊ बोलतेस."

"मावशी, तिथे सरकारी काम असतं."

"आनि माझी सून काय खाजगी हाय?"

पाऊण तासाने दोघी पोचल्या. भांडारपाल शत्रुघ्न टेबलावर डबा उघडून बसला होता. वाईट माणूस नव्हता. सालोमीने सगळं सांगेपर्यंत त्याने घास हातातच ठेवला. मग उठून आतल्या खोलीचं दार उघडलं. फडताळावर खोकी रचलेली होती आणि प्रत्येकावर तेच नाव, जे तीन महिने सालोमी फोनवर घेत होती.

"हे काय हाय मंग?" कृष्णाबाई ओरडली. "नाय नाय म्हनता, आनि हितं कोठार भरून ठेवलाय!"

"आजी, हे वाटप झालेलं आहे. ज्यांची मागणी आहे त्यांचं."

"आमी तीन येळा दारात येऊन बसलो, ती मागनी नाय?"

शत्रुघ्नने दार लोटलं, आवाज खाली आणला. "सिस्टर, पिशवी आहे? अकरा बाटल्या घेऊन जा. वाहतुकीत फुटल्या असं मी दाखवतो. कुठे बोलू नका."

कृष्णाबाईने पिशवी पुढे केलीसुद्धा. सालोमीचाही हात निघाला होता. दिपिका सुटली, अकराही सुटल्या, संध्याकाळपर्यंत सगळं उरकेल. मग तो हात मध्येच थांबला.

"आवक कुठे दाखवायची?"

"आवक नाही. फुटलेल्या मालाची आवक कशी असेल?"

"मग मी टोचल्या हे पण लिहिता येणार नाही."

"नका लिहू. काम झालं ना?"

"म्हणजे फेब्रुवारीत पुन्हा शून्य."

"फेब्रुवारीचं फेब्रुवारीत बघू, सिस्टर."

सालोमीने कृष्णाबाईच्या हातातली पिशवी खाली केली. "असं नको. नोंद करून द्या."

"अगं घे ना!" कृष्णाबाईने तिचा दंड धरला. "देतोय तो! माझ्या सुनंचा जीव टांगलाय तिकडं, आनि तुला वहीची पडलीय? तुझ्या घरात असं रगत वाहिलं असतं तं वही बघितली असतीस?"

दंडावर म्हातारीची नखं रुतली. सालोमीने सोडवून घेतलं नाही. "मावशी, आज चोरून नेली तर तिची ही शेवटची सुई. पुढच्या वेळी हे साहेब बदलून गेलेले असतील. तेव्हा कोण फोडेल बाटल्या?"

कृष्णाबाईने हात सोडला, पण तिच्याकडे अशी बघत राहिली की सालोमीने नजर वळवली. आपण चुकलो तर? हा माणूस आता हट्टाने काहीच द्यायचं नाही म्हणाला तर? दिपिकाच्या जिवावर आपण तत्त्व मिरवतोय का?

शत्रुघ्नने डब्याचं झाकण लावलं. "नोंद हवी असेल तर एकच रस्ता आहे. तिन्ही अहवाल तुम्ही चुकीचे भरले असं लिहून द्यायचं. मग दुरुस्ती होते आणि मागणी निघते. साहेब आज आहेत, सही होईल. पण विचार करा. सेवापुस्तकात जाईल. वेतनवाढ अडकेल. नोटीस येईल ती वेगळी."

"अहवाल बरोबर आहेत."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग माल नाही."

सालोमीने त्याच्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि उभ्यानेच लिहिलं. अकरा लाभार्थींना गरज असताना मी तीन महिने शून्य कळवलं, ही चूक माझी. खाली नाव, हुद्दा, सही. चोवीस वर्षांच्या नोकरीत ती पहिल्यांदा खोटं लिहीत होती, आणि ते खोटं हेच, की आपण आधी खोटं लिहिलं होतं. खुर्च्या नेणाऱ्यांकडे कुणी कागद मागितला नाही. ते कुठे आहेत हे कुणी विचारलंही नाही.

सही व्हायला दुपार झाली. शत्रुघ्नने अकरा बाटल्या मोजून खोक्यात ठेवल्या आणि पावती फाडून दिली.

परतीच्या वाटेवर कृष्णाबाईने मागून ओरडून विचारलं, "काय लिवलंस त्याच्यात?"

"चूक माझी होती असं."

"म्हंजे चोर तू?"

"कागदावर."

कृष्णाबाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.

दिपिका अंगणात वाल सोलत बसली होती. इतके दिवस उलटून गेल्यावर तपासल्याशिवाय सुई देता येत नाही. सालोमीने तिला लघवीची पट्टी दिली. दोन रेघा आल्या तर सुई नाही, मग हॉस्पिटल, मग देवाच्या हाती. दिपिका परसात जाऊन आली, पट्टी ओट्यावर ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिली. कृष्णाबाईने सोललेले वाल उगीचच पुन्हा निवडायला घेतले. पाच मिनिटं कुणी कुणाकडे बघितलं नाही.

"एक," सालोमी म्हणाली. मग पट्टी उजेडात धरून पुन्हा बघितली. "एकच आहे."

दिपिकाने बाही वर केली. सुई आत जाताना ती नेहमी डोळे मिटायची. आज मिटले नाहीत, सगळं औषध संपेपर्यंत बघत राहिली.

"अल्पेशला सांग, घरात झोप," कृष्णाबाई म्हणाली, "पन आज नाय. आठ दिवस जाऊ दे. हो ना, सिस्टर?"

"आठ दिवस."

उरलेल्या दहा जणींची यादी घेऊन सालोमी दुसऱ्या दिवसापासून फिरली. तिला वाटलं होतं, दोन दिवसांत होईल. चार दिवस लागले. सहा जणींना सुई दिली. चार बाटल्या खोक्यात तशाच राहिल्या.

सोमवारी नोटीस आली. ती तिने घडी करून पर्समध्ये टाकली. दुपारी रमेशचा फोन आला. आवाज ओशाळलेला.

"सिस्टर, मी नाही विचारत, वरून विचारतायत. अकरा मागितल्या आणि सातच वापरल्या. चार शिल्लक कशा? जास्तीची मागणी का केली, असं म्हणतात."

सालोमी बाकावर बसली. बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं. तिला ओरडता आलं असतं, आणि रमेशने ते ऐकूनही घेतलं असतं.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "उन्नती, गवळ्यांच्या आळीतली. चौथा महिना. तिसरं पोर. नवरा म्हणतो, राहिलंय तर राहू दे."

तिने यादीवरचं बोट खाली सरकवलं.

"क्षितिजा. वय एकोणीस. पहिलं पोर सात महिन्यांचं, अंगावर पितं. दुसरा महिना. घरात अजून सांगितलेलं नाही, तेव्हा नाव जपून लिहा." तिने श्वास घेतला. "तिसरी वीटभट्टीवर गेलीय, नवऱ्याबरोबर. शेजारीण सांगते, जाताना वाटेत ओकत होती. पत्ता नाही. चौथीने कुठल्याशा दुकानातून गोळ्या आणून खाल्ल्या. आठ दिवस रक्त जातंय. काल मी तिला गाडीत घालून पाठवलं. डोळे पांढरे होते तिचे. ऐकताय ना, रमेश सर?"

"ऐकतोय." तिकडे कागद सरकवल्याचा आवाज आला. "पहिल्यापासून परत सांगा, सिस्टर. सावकाश."

सालोमीने सावकाश सांगितलं.