दोन टिचक्या

मी एक जुनी बंदुकीची नळी आहे. मात्र मला बंदूक नाही. मूठ नाही, चाप नाही, कोणाच्या कमरेला लटकायचा मान तर नाहीच नाही. सिमेंटच्या ओट्यावर, लोखंडी चौकटीत, चार बोल्टांनी आवळलेली अशी माझी सगळी हयात गेली. मित्रांनो, चित्रांत दिसणाऱ्या बंदुका रुबाबात हिंडतात. त्यांच्या पोटात जाणारी काडतुसे आधी माझ्या पोटातून जायची. ती बरी की वाईट ते मी सांगायचे, एवढेच माझे काम. आता सांगायचे म्हणजे तरी कसे? माझ्या तोंडून गोळी निघते, शब्द निघत नाही. सगळे घोडे तिथेच अडते.

माझा जन्म लेथवर झाला. पोलादाच्या दांड्यात आरपार भोक पाडले, आतून पीळदार खाचा कोरल्या आणि घासून घासून माझा जीव नकोसा केला. शेवटी कारागिराने मला उजेडाकडे धरून एक डोळा लावला आणि म्हणाला, "आरसा झालाय नुसता!" ती स्तुती मी अजून जपून ठेवली आहे, कारण त्यानंतर फारशी कोणी केली नाही.

काडतुसांच्या कारखान्यात चाचणीची एक लांबट खोली होती. तिथे मला बसवले. समोर पंचवीस मीटरचा बोगदा, त्याच्या टोकाला कागदी निशाण आणि मागे वाळूचा ढीग. वाटेत दोन चौकटी होत्या. गोळी त्यांतून गेली की काचेपलीकडच्या खोलीत तिच्या वेगाचा आकडा उमटे. माझ्या मागच्या बाजूने एकेक काडतूस भरायचे, झडप लावायची, पलीकडे जायचे आणि दोरी ओढायची. वीस गोळ्यांची भोके निशाणावर एकमेकांलगत पडली आणि वेग सारखा आला, की ती खेप पास. शेजारच्या ओट्यावर रायफलीची लांब नळी होती. तिच्यासाठी शंभर मीटरचा बोगदा होता, म्हणून तिच्या नाकावर कायम मिजास.

मला सांभाळणारे तपासनीस म्हणजे शिस्तीचा माणूस. सव्वीस वर्षे त्यांनीच मला भरले. काम संपले की तेलाच्या चिंधीने आतून पुसत, बोल्ट तपासत, मगच डबा उघडून जेवायला बसत. त्यांची एक लकब होती. काडतूस उचलले की ते गोळीचे टोक वर करून उभे धरायचे, नखाने त्याला हळूच दोन टिचक्या मारायच्या आणि मग झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवावे तसे माझ्यात सरकवायचे. टिचक्यांनी आतली दारू बुडाकडे नीट बसते, मग ती झटकन पेट घेते. त्यांना हे त्यांच्या उस्तादाने शिकवले होते. नियमांच्या पाटीवर मात्र त्याचा एक शब्दही नव्हता.

पूर्वी त्याने काही बिघडत नव्हते. तेव्हाची दारू काडतुसात गच्च भरलेली असायची, हलायला जागाच नसे. मग नव्या जातीची दारू आली. ती चिमूटभर पुरायची, त्यामुळे काडतूस अर्धे रिकामे. दारू पुढे सरकली की ठिणगी तिच्यापर्यंत धड पोहोचत नसे आणि गोळी रडतखडत निघे. पण टिचक्या मारल्यावर दारू जाईल कुठे? माझ्या पोटात आलेले प्रत्येक काडतूस शहाण्यासारखे वागले. मी खेपेमागून खेप पास करत राहिले आणि मलाही त्याचा पत्ता लागला नाही.

मग एक दिवस तपासनिसांचे जावई आले. ते जंगलाच्या नाक्यावर रखवालदार होते. रानडुक्कर एका मजुरावर धावून आले, तेव्हा त्यांनी कमरेचे रिव्हॉल्व्हर काढून झाडले. नुसता फुस्स असा आवाज झाला आणि गोळी नळीतच अडकून बसली. मजुराची मांडी फाटली. तो वाचला, पण ठपका जावयांवर आला. शस्त्र साफ ठेवले नाही म्हणून त्यांना घरी बसवले आणि चौकशी लागली. उरलेली काडतुसे तपासायला आमच्याकडेच आली.

"मामा, रिव्हॉल्व्हर मी रोज पुसतो हो," जावई सासऱ्यांना म्हणाले. "तुम्हाला तरी खरं वाटतं ना?"

"जावईबापू, मला काय वाटतं ते सोडा. नळी काय सांगते ते बघू."

नळी काय सांगणार? एकेक काडतूस उभे राहिले, दोन टिचक्या बसल्या, अलगद आत आले. वीसच्या वीस गोळ्या एका मुठीत मावतील अशा पडल्या. तपासनिसांचा चेहरा उतरला. तरी त्यांनी कागदावर लिहिले, 'काडतुसे निर्दोष', आणि खाली सही केली. जावई तो कागद वाचून निघून गेले. दुसऱ्या दिवशी तपासनिसांचा डबा आला नाही. मुलगी माहेरी आली होती. तिने अबोला धरला होता आणि चूलही तिच्या बाजूने होती.

मित्रांनो, त्या वीस गोळ्यांच्या वेळी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. कमरेला लटकलेल्या रिव्हॉल्व्हरचे तोंड जमिनीकडे असते. दिवसभर चालून चालून आतली दारू पुढे जाऊन बसते. तिथे टिचक्या मारायला कोण बसले आहे? मला ओरडावेसे वाटले. अहो, एक तरी काडतूस उलटे धरून भरा! पण मी आपली धडाधड गोळ्या सोडत होते, आणि माझी प्रत्येक नेमकी गोळी त्या माणसाच्या नोकरीवर पडत होती. इतका संताप मला कधी आला नव्हता.

चौकशी सोमवारी होती. त्याआधीच्या गुरुवारी तपासनीस जिन्यावरून घसरले आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. शुक्रवारी भरायचे काम आकडे लिहिणाऱ्या ताईंकडे आले. लाकडी ठोकळ्याच्या भोकांत काडतुसे डोक्यावर, म्हणजे गोळीचे टोक खाली करून, उभी असतात. ताईंनी ती तशीच उचलली आणि सरळ माझ्यात घातली. पहिलाच आकडा निम्म्यावर आला. दुसरा त्याहून खाली. निशाणावर भोके कुठेही पडली, एक तर कागदाबाहेरच गेली. मला तर नाचावेसे वाटले!

तेवढ्यात मोठे साहेब आले. त्यांनी आकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि निकाल देऊन टाकला. "नळी झिजलीय. भंगारात काढा, नवी मागवा." कोणी माझ्या आत डोकावूनही पाहिले नाही. माझ्यावर एक लाल चिठ्ठी चिकटवली, 'नळी निकामी'. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा जे सांगायला हवे होते ते मी सांगितले, आणि त्याच दिवशी मला खोटे पाडले. याला काय म्हणायचे?

शनिवारी तपासनीस गळ्यात हात अडकवून आले. "तिला काय धाड भरलीय? परवापर्यंत ठणठणीत होती! भरा बघू माझ्यासमोर."

ताईंनी काडतूस उचलले, घातले. आकडा पडला.

"अहो, टिचकी मारा की!"

"कसली टिचकी, काका?"

त्यांनी डाव्या हाताने करून दाखवले. उभे धरले, दोन टिचक्या, अलगद आत. आकडा अगदी बरोबर आला. ते हसले. "बघितलंत? दारूला जरा बसवावं लागतं."

ताई मात्र हसल्या नाहीत. "काका, तुमच्या जावयांनी कमरेचं रिव्हॉल्व्हर उपसलं तेव्हा टिचकी कोणी मारली?"

तपासनीस स्टुलावर बसले. डाव्या हाताने त्यांनी काडतुसांचा ठोकळा पुढे ओढला. मग म्हणाले, "जावयांच्या खेपेतली वीस काडतुसं टिचक्या मारून भरा. वीस उलटी धरून. दोन्ही आकडे वेगळ्या कागदावर लिहा." त्या दिवशी मी जीव ओतून काम केले. पहिल्या वीस एकमेकींलगत, दुसऱ्या वीस सैरावैरा, आणि त्यांतली एक माझ्यातच अडकली. ती काढताना मला दुखले, पण तक्रार नाही.

सोमवारी ते दोन्ही कागद घेऊन चौकशीला गेले. ताईंनी मला नंतर पुसता पुसता सांगितले. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "काडतुसं सदोष आहेत. मी त्यांची परीक्षा घेत नव्हतो, त्यांना पास करून देत होतो. जावयाची चूक नाही, माझी आहे." जावई कामावर परतले. खेप परत मागवली. तपासनिसांचा सहीचा अधिकार काढून घेतला आणि त्यांना कोठारावर बसवले. घरून डबा मात्र पुन्हा येऊ लागला, आणि आता त्यात दोन माणसांचे जेवण असते. जावई दुपारी कोठारातच येतात.

आणि मी? माझ्या जागी बसवायची नवी नळी आधीच मागवलेली होती. आलेली वस्तू परत कोण पाठवतो? माझे बोल्ट सोडले आणि मला कोठारातल्या फळीवर टाकले, लाल चिठ्ठीसकट.

मित्रांनो, नवीला भरताना आता ताई काडतुसे दोन्ही तऱ्हांनी भरतात. माझे एवढेच मागणे आहे. जी वस्तू जशी वापरली जाणार, तशीच ती तपासा. लाडाने घेतलेली परीक्षा दुसऱ्याच कुणाच्या तरी जिवावर उठते. आणि नको ते सांगणाऱ्याला निकामी ठरवण्याआधी एकदा त्याच्या आत डोकावून तरी बघा.

काल तपासनीस फळीपाशी आले. प्लास्टर निघाले आहे. त्यांनी लाल चिठ्ठीवरचे 'नळी निकामी' खोडले आणि खाली लिहिले, 'दोष नळीचा नव्हता, हाताचा होता.' सहीला आता किंमत नाही, तरी पूर्ण सही केली. मग तेलाची चिंधी आणून मला आरपार पुसले, उजेडाकडे धरून एक डोळा लावला आणि खाली ठेवताना, सवयच ती, मला नखाने हळूच दोन टिचक्या मारल्या.

त्या मात्र मी मुकाट्याने खाल्ल्या.