श्वासासकट

"हा आवाज
माझा नाही,"
अलकनंदा म्हणाली.

"काकू, तुमचाच आहे." पुष्करने हेडफोन गळ्यात ओढला. "फक्त क्लीन केलाय. परत लावू?"

त्याने परत लावला. लॅपटॉपमधून एक बाई बातम्या दिल्यासारखी बोलू लागली. मेरा नाम अलकनंदा सबनीस है, मैं फरीदाबाद में रहती हूं, मेरे फेफड़े सख्त हो रहे हैं, पांच साल तक मैंने अपनी खांसी को दिल्ली की खांसी समझा, आप मत समझिए.

याच खोलीत, याच खुर्चीवर बसून, अलकनंदाने ते असं म्हटलं होतं:

मेरा नाम
अलकनंदा सबनीस है. मैं
फरीदाबाद में
रहती हूं. मेरे
फेफड़े
सख्त हो रहे हैं. पांच साल तक मैंने
अपनी खांसी को
दिल्ली की खांसी
समझा. आप
मत समझिए.

ओळ तुटते तिथे ती श्वास घेते. कागदावर तिथे कोरी जागा दिसते, पण खरं तर तिथे आवाज असतो. वॉशर गेलेला सायकलचा पंप दाबावा तसा. त्याच्या पाठोपाठ खांद्याला अडकवलेलं ऑक्सिजनचं मशीन फुस्स करतं, नळीतून तिच्या नाकात थोडा प्राणवायू सोडतं, आणि मग पुढचे दोन-चार शब्द येतात.

पुष्करने पंप काढला होता. मशीन काढलं होतं. शब्द एकाला एक चिकटवले होते.

"बिल्कुल प्रोफेशनल वाटतंय, काकू," सुखदा म्हणाली. फुफ्फुसाच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या या संस्थेचं सगळं तीच बघायची. शाळांमधली व्याख्यानं, ऑक्सिजनवर असलेल्या लोकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, संशोधन करणाऱ्या डॉक्टरांना तयार असलेले रुग्ण गाठून देणं आणि आता ही छोटी फिल्म. "छातीच्या ओपीडीत टीव्ही आहे ना, त्याच्यावर दिवसभर लागणार. सोचो, किती लोक बघतील!"

"माझे श्वास
कुठे गेले?"

"तो नॉइज होता, काकू," पुष्कर म्हणाला आणि लगेच त्याने जीभ चावली.

"तिला म्हणायचंय," शेजारच्या खुर्चीवरून विलास म्हणाले, "की छान झालंय, फक्त जरा फास्ट वाटतं."

अलकनंदाने मान वळवून नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला.

*

विलास तिची वाक्यं पूर्ण करत.

हे भाजीवाल्यापाशी सुरू झालं. ती म्हणाली, "भैया, आधा किलो" आणि थांबली. विलास म्हणाले, "भिंडी." तिला तोंडली हवी होती. तेव्हा तिने हात झटकला आणि भेंडी घेतली, कारण नाही म्हणायलाही श्वास लागला असता. मग डॉक्टरांपाशी सुरू झालं, मग फोनवर. बहीण पुण्याहून विचारायची, कशी आहेस गं? अलकनंदा म्हणायची, "मी" आणि पलीकडे विलासांचा आवाज जायचा, "एकदम मजेत!"

ते वाईट नव्हते. आयुष्यभर केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात काम केलेला माणूस. रिकामा रकाना दिसला की भरायचा, हा हाताचा गुण.

*

पाच वर्षांचं आता सांगायला हवं.

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये पहिल्या मजल्यावर खिडकीत कूलर होता आणि कूलरवर कबुतरं. अलकनंदा एका मंत्रालयात आवक-जावक बघायची. नोव्हेंबर लागला की अख्खं सेक्शन खोकायचं. तीही खोकायची. शेजारच्या टेबलावरचा नरसिंह म्हणायचा, "दिल्ली की खांसी है मॅडम, मार्च में अपने आप जाएगी." मार्चमध्ये गेली नाही, तेव्हा झाडांचा फुलोरा होता. मेमध्ये धुळीची वादळं होती. ऑगस्टमध्ये दमटपणा, दिवाळीला फटाके. दिल्लीत प्रत्येक महिन्यापाशी खोकल्याचं एक कारण तयार असतं. इथे खोकणाऱ्याला कोणी विचारत नाही, तुला काय झालंय. सगळ्यांना झालेलं असतं.

निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटलं, फरीदाबादला फ्लॅट घेतला. जिन्यात तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ती एकदा पिशवी घेऊन खाली बसली आणि उठेना, तेव्हा विलास तिला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी विचारलं, "घर में कबूतर आते थे?"

ती हसली होती. कबुतरं? त्यांनी कूलरमध्ये अंडी घातली म्हणून एक उन्हाळाभर तिने कूलर लावला नव्हता. पिल्लं उडाली त्या दिवशी शिरा केला होता. कूलरच्या कुजक्या गवताच्या जाळ्या हातांनी काढून गच्चीवर झटकल्या होत्या. कबुतरांच्या पिसांतून, विष्ठेतून आणि त्या ओल्या जाळ्यांतून काय काय तिच्या छातीत जाऊन बसलं, ते डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. लवकर आली असती तर बरंच थांबवता आलं असतं, म्हणाले. आता जेवढं टणक झालंय तेवढं टणकच राहणार.

त्या ओपीडीत भिंतीवर एक पोस्टर होतं. गुलाबी फुफ्फुसं आणि शेजारी हसणारी एक बाई.

*

"लोक घाबरतात, काकू." सुखदाने खुर्ची तिच्याजवळ ओढली. "सच बोलू? ओरिजिनल आम्ही ओपीडीत दाखवून बघितलं. एक आंटी मधेच उठून गेली. हॉस्पिटलवाले म्हणाले, हे नाही चालणार, पेशंट पॅनिक होतील. आणि लांबी पण बघा ना. श्वासांसकट डबल होतं ते."

"मग वाक्यं
कापा. श्वास
नका कापू."

"मग राहणार काय?"

"नाव
आणि खोकला. पुरे
आहे."

पुष्कर पुढे झुकला. पुण्याहून गुरुग्रामच्या एका जाहिरात कंपनीत आलेला मुलगा; हे काम तो सुट्टीच्या दिवशी फुकट करत होता आणि मनापासून करत होता. "काकू, एक करू या. दोन-तीन श्वास ठेवतो. फील येण्यापुरते."

"मीठ आहे का
ते? चवीपुरतं
घालायला?"

पुष्कर हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला.

"अगं, ही मुलं एवढी मेहनत," विलास सुरू झाले.

"अहो."

एवढंच. 'अहो' तिच्या एका श्वासात बसायचं. ते गप्प झाले.

मग अलकनंदा बोलली. एवढं लांबलचक ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. मधे मधे तिचे ओठ जांभळट व्हायचे, सुखदा अर्धी उठायची, अलकनंदा तिला हाताने खाली बसवायची. ती काय म्हणाली ते इथे सलग लिहिलं, तर पुष्करने केलं तेच केल्यासारखं होईल.

त्या पोस्टरवरची बाई
हसत होती. मला वाटलं, हिला
जे होतं
ते मला नाही. माझा आवाज
असा येतो, हिचा
तसा येत नसेल. मी
खुर्ची बदलून
बसले. आता ही
लॅपटॉपमधली. ही जर
मला भेटली असती, तर मीच
हिला म्हटलं असतं, बाई गं, तुला
काही झालेलं नाही. घरी
जा.

पुष्करने लॅपटॉप अर्धा मिटला.

"ती आंटी उठून
गेली ना? तिला
ओळखीचा वाटला असेल
आवाज. तिच्यासाठी तर
लावायचं."

"पण हॉस्पिटल नाही म्हणतंय ना, काकू!" सुखदाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, बहुतेक रागाने. "मी काय करू? हे नाही तर काहीच नाही लागणार. ते चालेल तुम्हाला?"

"नाव काढा
माझं. फिल्मला
दुसरी बाई घ्या. मी
स्वतः येते. ओपीडीत. मला
कोण एडिट करतंय
बघू."

"अजिबात नाही!" विलास उभेच राहिले.

*

फ्लॅटमध्ये आल्यावर विलासांनी मशीन चार्जिंगला लावलं, घरातल्या मोठ्या मशीनची नळी तिच्या नाकाला लावली, चहा टाकला आणि स्वयंपाकघरातूनच बोलू लागले. समोरासमोर त्यांना भांडता यायचं नाही.

"तिथे नाही नाही ते जंतू असतात. टीबीचे लोक असतात. तुला काही झालं तर? डॉक्टर काय म्हणाले होते? गर्दीत जाऊ नका. पण नाही! बाईसाहेबांना भाषण करायचंय."

"मास्क
लावीन."

"मास्क लावून बोलणार? आधीच…"

"आधीच काय?"

चहा उतू गेला. विलासांनी गॅस बंद केला.

"तुम्ही पण
तेच करता," ती म्हणाली. "पुष्कर
करतो ते."

"मी? मी काय केलं?"

"माझी वाक्यं
संपवता."

"तुला त्रास होतो म्हणून!"

"श्वासाचा त्रास
होतो. तुमचा
वैताग येतो."

विलास दारात येऊन उभे राहिले. हातात गाळणी होती. तिच्यातून चहाचा एक थेंब फरशीवर पडला, मग दुसरा.

"तू मधे थांबतेस ना," ते म्हणाले, "तेव्हा मला दर वेळी वाटतं की आता पुढचा शब्द येणारच नाही. तेवढं मला बघवत नाही. म्हणून मी आपला काहीतरी शब्द टाकतो. कुठलाही."

अलकनंदाने नाकाशी नळी सारखी केली.

"एखाद्या दिवशी
नाही येणार," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही
बोला. तोपर्यंत
माझी पाळी."

*

सुखदाने परवानगी काढली. कशी, ते तिने सांगितलं नाही, एवढंच म्हणाली, "हेड नर्सला म्हटलं, टीव्ही बिघडलाय असं समजा." हॉल भरलेला होता. भिंतीला टेकून लोक, जमिनीवर लोक, एक्स-रेची पाकिटं, डबे, पाण्याच्या बाटल्या. सगळीकडून खोकला. काउंटरच्या काचेमागून एक माणूस कंटाळलेल्या आवाजात नंबर पुकारत होता.

अलकनंदा खुर्चीवर बसली. सुखदाने माइक तिच्या मास्कसमोर धरला. पहिल्यांदा माइकमधून शब्द आला नाही, श्वास आला, आणि तो हॉलभर घुमला. पुढच्या रांगेतल्या लोकांनी माना वर केल्या.

"मेरा नाम
अलकनंदा सबनीस है. मैं"

"इनको पानी दो कोई," एक बाई म्हणाली.

"फरीदाबाद में
रहती हूं."

"माताजी, आराम से. तबीयत ठीक नहीं है तो पहले नंबर ले लो."

कोणीतरी हसलं. कोणाचं तरी मूल रडायला लागलं. विलास तिच्या खुर्चीमागे मशीनचा पट्टा धरून उभे होते.

"मेरे
फेफड़े"

"खराब हैं," रांगेतला एक तरुण म्हणाला. "सबके खराब हैं आंटी, दिल्ली में रहते हैं."

"नहीं," अलकनंदा म्हणाली. त्याच्याकडे बघून. "सबके
नहीं. मेरे
सख्त हो रहे हैं. पूरा
सुनो."

तरुणाने मोबाइल खाली केला.

"पांच साल तक
मैंने
अपनी खांसी को"

इथे ती अडकली. श्वास आत गेला, आणखी एक गेला, मशीन फुस्स झालं, पुन्हा फुस्स झालं. खांदे वर आले. सुखदा माइक काढून घ्यायला लागली, तेव्हा अलकनंदाने एक हात वर केला. पंजा उघडा, हॉलकडे. विलासांचं तोंड उघडलं. पुढचा शब्द त्यांना पाठ होता. त्यांनी तोंड मिटलं.

मागच्या रांगेतून एक खोकणारी बाई पदर तोंडाला लावून पुढे सरकली.

काउंटरवरून नंबर पुकारला गेला. भिंतीशी बसलेला एक म्हातारा फाइल काखेत मारून उठला, दोन पावलं चालला आणि तिच्या वर केलेल्या हातासमोर तसाच उभा राहिला. काचेमागच्या माणसाने तोच नंबर पुन्हा पुकारला, या वेळी चिडून.

"एक मिनट," म्हातारा मागे न बघता म्हणाला. "बहनजी बोल रही हैं."