मुलीचं लग्न झालंय का

काचेखालच्या फटीतून पासपोर्ट परत आला, तेव्हा तो अजून बोलतच होता. घरी आई आहे, तिचं माझ्याशिवाय कोणी बघणारं नाही, नोकरी पक्की आहे, बाळ पाहून महिनाभरात मी परत येणार, असं त्याचं चाललं होतं. पलीकडची अधिकारी बाई त्याच्याकडे बघतही नव्हती. तिच्याशेजारी उभा असलेला दुभाष्या बघत होता, पण त्यानं भाषांतर करणं मघाशीच थांबवलं होतं.

"झालं तुमचं," दुभाष्या म्हणाला. "कारण कागदावर छापलंय."

"मला तोंडानं सांगा."

दुभाष्यानं बाईला विचारलं. पुढच्या माणसाची फाईल ओढून घेता घेता ती दोन वाक्यं बोलली.

"तुमची बायको तिथे आहे. मूल तिथेच होणार. तुम्हाला कायमचं तिकडे नेण्यासाठी तिनं अर्ज केलाय, तो अजून चालू आहे. असा माणूस पर्यटक म्हणून गेला तर परत येईल, यावर त्यांचा विश्वास बसत नाही."

"आणि मी हे सगळं लपवलं असतं तर?"

एवढ्याचं मात्र दुभाष्यानं भाषांतर केलं नाही.

त्या इमारतीतून बाहेर पडल्यावर त्यानं नव्या शर्टाच्या गळ्याला असा हिसका दिला की वरचं बटण तुटून हातात आलं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दोरांवर, ब्रेकवर, अडकून बसलेल्या दारांवर चिडून भागत नाही हे तो नोकरीच्या पहिल्या वर्षातच शिकला होता. काय अडलंय ते शोधायचं आणि मोकळं करायचं. इथे शोधायची वेळच आली नाही, ते त्याला तोंडावर सांगण्यात आलं होतं. अडत होतं ते त्याचं लग्न.

रस्त्यापलीकडे व्हिसाचा एजंट उभा होता. चेहरा पाहूनच त्यानं ओळखलं आणि सुरुवात केली. मी आधीच बजावलं होतं, कोणी तुमच्यासाठी कायमच्या वास्तव्याचा अर्ज केलाय का असं विचारतात तिथे सरळ नाही म्हणायचं, सगळे तेच करतात, तुम्हालाच खरेपणाची फार हौस. मेकॅनिकनं त्याला विचारलं, की अर्ज त्यांच्याच सरकारकडे पडलाय, मग त्यांना तो दिसला नसता का? एजंट म्हणाला, दिसला असता तर तेव्हाचं तेव्हा बघितलं असतं. मेकॅनिकला त्याची मानगूट धरावीशी वाटली. त्यानं हातातलं बटण गटारात भिरकावलं आणि तसाच कामावर गेला.

त्याला राग आला त्याचं कारण वेगळंच होतं, आणि ते कोणाला समजावून सांगताना त्याचीच जीभ अडखळायची. बायको तिकडच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. लग्नाआधीपासूनच ती तिकडे होती, सुट्टी काढून आली आणि लग्न करून परत गेली. नवऱ्याला बोलावून घेण्याचा अर्ज तिनं लगेच केला. तेव्हापासून तो अर्ज बघणाऱ्या दुसऱ्या कार्यालयाला हे दोघं पुरावे पाठवत होते. लग्नाचे फोटो, फोनची बिलं, एकमेकांना लिहिलेले मेसेज, शेजाऱ्यांच्या सह्या. त्यावर उत्तर यायचं, की लग्न खरं असल्याचे आणखी पुरावे जोडा. म्हणजे त्या कार्यालयाला त्याचं लग्न पुरेसं खरं वाटत नव्हतं, आणि या खिडकीला ते नको तितकं खरं वाटलं होतं. दोन्हीकडे शिक्का एकाच सरकारचा.

त्याच्या जोडीला काम करणारा जुना मेकॅनिक, ज्याला सगळे दाढी म्हणत, त्यानं शर्टाकडे बघून विचारलं, "काय, पुन्हा बोहल्यावर चढलास की काय?" एरवी तो हसला असता. त्या दिवशी त्यानं दाढीच्या हातातला पाना ओढून घेतला आणि दिवसभर त्याच्याशी एक शब्द बोलला नाही.

बायकोला त्यानं हे फोनवर सांगितलं. तिनं विचारलं, की अर्जाचं सांगायलाच हवं होतं का? त्यावर त्यांचं भांडण झालं. तिचे दिवस भरत आले होते. एका सहकारी बाईबरोबर ती खोली घेऊन राहत होती, आणि ती बाई बहुतेक रात्रपाळीला असायची. शेवटी बायको म्हणाली, "बरं, आईबाबांची मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे, त्यांचं तरी होऊ दे," आणि तिनं फोन ठेवला.

त्यांचं झालं. सासूसासऱ्यांना व्हिसा मिळाला, आणि लागलीच तिकिटंही निघाली. मेकॅनिकनं बातमी ऐकून आनंद झाल्याचं सांगितलं, आणि थोडा झालाही होता. पण ज्या मुलाचा तो बाप, ते मूल त्याच्या आधी आजोबा बघणार होते, ही गोष्ट त्याला सलत होती. त्यात ते आजोबा म्हणजे सासरे.

सासरे वजनमापांच्या खात्यात निरीक्षक होते. बाजारात ते आले की दुकानदार आधी काटा पुसायला घ्यायचे. तपासणीला गेलेल्या दुकानात ते कधी चहाचा घोटही घेत नसत. लिफ्टच्या मेकॅनिकला मुलगी द्यायची त्यांची इच्छा नव्हती. तसं ते बोलले नाहीत, फक्त विचारलं होतं, की मुलगी तिकडे, हे इकडे, हा कसला संसार? पुढे तसंच झालं, आणि सासऱ्यांचं बरोबर निघालं याचाही मेकॅनिकला राग होता. एका बाबतीत मात्र तो त्यांना मानायचा. माणूस ताठ होता, पण सरळ होता.

निघायच्या दोन दिवस आधी सासूबाईंनी त्याला बोलावून घेतलं, मोठ्या बॅगेचं एक चाक निसटत होतं. तो जमिनीवर बसून ते बसवत होता. सासरे दुसरी बॅग ताणकाट्याला अडकवून उचलून बघत होते, खाली ठेवून पुन्हा उचलत होते. सासूबाई बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालत बोलत होत्या. इतकं घाबरले होते मी, त्या म्हणाल्या, पण तसं काहीच नव्हतं, उभ्या उभ्या झालं सगळं.

"काय विचारलं?" त्यानं आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"काही नाही. कुठे जाणार, किती दिवस राहणार. मुलीचं लग्न झालंय का, म्हणाले. हे म्हणाले नाही, एकटीच असते, नोकरी करते. की शिक्का मारायला ठेवून घेतले ना पासपोर्ट."

बोलून झाल्यावर त्यांचा हात झबल्यावर थांबला. ताणकाटाही खाली आला.

मेकॅनिकनं स्क्रूड्रायव्हर शेजारी ठेवला.

"बाबा, तुम्ही नाही म्हणालात?"

"हो."

"तुम्ही होतात की लग्नाला. पहिल्या रांगेत बसला होतात."

"होतो."

"मग हे बोलायला कोणी शिकवलं? त्या एजंटानं?"

"अहो," सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"तू घड्या घाल," सासरे त्यांच्याकडे न बघता म्हणाले. मग जावयाला म्हणाले, "कोणी शिकवलं नाही. माझ्या मनानं बोललो मी."

यानंतर मेकॅनिक जे बोलला ते खालच्या मजल्यावरही ऐकू गेलं असणार. तो म्हणाला, की उद्या माझा अर्ज ज्यांच्यासमोर जाईल, त्यांच्यापुढे तुमचं हे बोलणंही उघडं पडेल. सासरा म्हणतो मुलीचं लग्नच झालेलं नाही, आणि हा कोण उपटसुंभ नवरा म्हणून आलाय? मग कुठले फोटो आणि कुठली बिलं? सगळं खोटं ठरेल, आणि जन्मभराचं दार बंद होईल. तुम्हाला मी पहिल्यापासून नकोच होतो, तो म्हणाला, तेव्हा बोलायची हिंमत झाली नाही, ते आता काचेपुढे बोलून दाखवलंत. आयुष्यभर लोकांच्या काट्यात मासाभर खोट चालू दिली नाहीत, आणि स्वतःचा जावई अख्खाच्या अख्खा पुसून टाकलात.

सासरे उभे राहून ऐकत होते. त्यांनी ताणकाट्याचा हूक सावकाश बॅगेतून सोडवला. त्यामुळे मेकॅनिक आणखीच पेटला. मी त्या कार्यालयाला कळवणार, तो म्हणाला, तुमचा व्हिसा रद्द झाला तर झाला. आणि विमानतळावर सोडायला मी येणार नाही, बघा तुमचं तुम्ही. चाक तसंच अर्धवट टाकून तो जिना उतरला. सासूबाई दारापर्यंत आल्या होत्या. त्यांनी त्याला हाक मारली, पण तो थांबला नाही.

कळवायचं तर आधी बायकोला सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी एका उंच इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरखोलीत त्याचं काम होतं. दाढी खाली लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता. तिची पाळी सुटायची वेळ झाली तसा त्यानं मोटरचा मेन स्विच पाडला, दार लोटून घेतलं आणि फोन लावला. काय बोलायचं ते सकाळपासून त्याच्या डोक्यात तयार होतं.

"तुझ्या वडिलांनी काय करून ठेवलंय माहीत आहे का तुला?"

पलीकडून गाड्यांचे आवाज येत होते. ती बसथांब्यावर उभी असावी.

"आईनं सांगितलं का?" तिनं विचारलं.

खोलीत तेलाचा वास होता आणि मोटर अजून गरम होती. त्यानं तिच्यावर हात ठेवला होता हे चटका बसल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"ऐकतोयस ना?" ती म्हणाली.

"हं."

"तू खरं बोललास. त्याचं काय झालं, सांग ना. दिला त्यांनी तुला व्हिसा? लग्न, बाळंतपण म्हटलं की आईबाबाही नातवंड सांभाळायला इथेच राहतील, असं धरतात ते." तिचा आवाज चढला. "इथे रात्री दुखायला लागलं तर भिंतीला हाक मारू मी? मला कोणीतरी हवं होतं. ज्याला येता येईल असं कोणीतरी."

"आणि माझा अर्ज?"

"तो कधी मंजूर होणार आहे? बाळ शाळेत जायला लागल्यावर?"

तेवढ्यात तिची बस आली, आणि ती म्हणाली, "बाबांना ओरडू नकोस. त्यांना जमत नव्हतं ते, मी घोकून घेतलं."

खालून दाढी हाका मारत होता, स्विच चालू करतोस की झोपलास? त्यानं फोन खिशात घातला. हात उचलून तो स्विचपर्यंत नेला आणि तसाच धरून उभा राहिला. दाढीनं शेवटी शिव्या घातल्या, तेव्हा त्यानं स्विच वर केला.

निघायच्या दिवशी संध्याकाळी तो सासरी गेला तेव्हा दार उघडंच होतं. बॅगा उंबऱ्याशी लावलेल्या होत्या. सासरे बूट घालून खुर्चीत बसले होते, मांडीवर कागदांची पिशवी होती. सासूबाई आत खिडक्या लावत फिरत होत्या. त्याला पाहून सासरे उठले नाहीत.

"बसा," ते म्हणाले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही म्हणालात तसं त्या लोकांना कळवायचं असेल तर कळवा. माझी काही तक्रार नाही. माझं नाव घाला. फक्त माझंच."

मेकॅनिक उभाच राहिला.

"तिच्याशी बोलणं झालं का तुमचं?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "फोन लागला नाही."

सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. ते पाहणं इतका वेळ चाललं की आतल्या सगळ्या खिडक्या लागून झाल्या आणि सासूबाई चपला शोधत बाहेर आल्या.

"बरं," सासरे म्हणाले.

मोठी बॅग चाकावर चालणार नव्हती. ती त्यानं खांद्यावर घेतली, दुसरी हातात धरली आणि तो जिना उतरू लागला. मागून सासरे येत होते. एका वळणावर त्यांनी हातातली बॅग आपल्याकडे घ्यायला हात पुढे केला. त्यानं ती दिली नाही, पुढेच चालत राहिला. त्यानं सामान टॅक्सीत ठेवलं. ते दोघं मागे बसले. सासूबाईंनी काच खाली केली.

"तिला काही सांगायचं आहे का?"

"काही नाही."

त्यानं मागचं दार असं आपटलं की टॅक्सीवाला वळून बघायला लागला. मग पुढचं दार उघडून तो टॅक्सीवाल्याच्या शेजारी बसला.