डाव्या दाराची पोरगी

पुराला साठ वर्षं झाली, तरी गाव एक गोष्ट विसरलं नव्हतं. बंधाऱ्याच्या डाव्या दाराचा पहारेकरी झोपला, दार उघडायचं राहिलं, तुंबलेलं पाणी काठ फोडून निघालं आणि खालची वस्ती वाहून गेली. डोळ्यांनी पाहिलं होतं कुणी? पण तेव्हापासून त्या घराला ‘झोपाळू’ हेच नाव पडलं. त्या पहारेकऱ्याची पणती नववीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची.

संग्रहालयाने पुराच्या फोटोंच्या जुन्या काचा, म्हणजे काचेवरच्या निगेटिव्ह, नुकत्याच स्कॅन करून नेटवर टाकल्या होत्या. त्यातला बंधाऱ्याचा फोटो वर्गात शिकवा, असं शाळेच्या अध्यक्षांनी फर्मावलं. उजव्या दाराचे पहारेकरी म्हणजे त्यांचे वडील, गावाचे हिरो. इतिहासाच्या बाईंनी सकाळी फोटो उघडून पाहिला. डावं दार खरंच बंद होतं.

आता तो फोटो प्रोजेक्टरमधून वर्गाच्या भिंतीवर पडला होता. दोन सारखी दारं, एक उघडं, एक बंद, मध्ये खांब, बाकी नुसतं पाणी आणि आभाळ. अध्यक्ष शेवटच्या बाकावर बसले होते.

“काय दिसतंय?” बाईंनी विचारलं.

“डावं दार बंद,” एक जण म्हणाला, आणि मागून कुणीतरी घोरल्याचा आवाज काढला. वर्ग खिदळला. अध्यक्षही गालातल्या गालात हसले. एवढ्या वयाच्या माणसाला पोरीची थट्टा गोड लागावी, याची बाईंना चीड आली.

पोरगी रडली नाही. उभी राहिली. “बाई, मधला खांब मोठा करा ना.”

बाईंनी केला. खांबावर पाणी मोजायची पट्टी होती, रंगवलेल्या आकड्यांची. आकडे उलटे होते, आरशात दिसतात तसे. बाईंच्या लक्षात आलं, काच उलट्या बाजूने स्कॅन झाली होती. डुलकी लागलीच असेल, तर ती स्कॅन करणाऱ्याला.

फोटो उलटवायला एक बटण पुरे होतं. बोट त्यावर गेलं आणि थांबलं. अध्यक्ष उठून उभे राहिले होते. बाईंची नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि सही अध्यक्षांचीच लागणार होती.

“बाई, तास संपत आला,” ते म्हणाले.

बाईंनी बटण दाबलं. आकडे सरळ झाले. बंद दार उजवीकडे गेलं. या वेळी कुणी घोरलं नाही.

“कॉम्प्युटरवर काय, वाट्टेल ते करता येतं,” अध्यक्ष म्हणाले.

“म्हणूनच उद्या सगळे मूळ काच बघायला संग्रहालयात जाणार आहोत, साहेब. तुम्हीही चला.” बाई बोलून गेल्या.

दुसऱ्या दिवशी काचेनेही तेच सांगितलं. अध्यक्ष आले नव्हते. पोरगी बाईंना तिथून थेट घरी घेऊन गेली. तिचा बाप रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले, तरी दारात खुर्चीवर ताठ बसला होता. या घरात दिवसाउजेडी कुणी आडवं होत नसे. लोकांनी पाहिलं तर?

पोरीने मोबाइलवर सरळ केलेला फोटो पुढे केला. त्याने आकडे वाचले, दार पाहिलं, पुन्हा आकडे वाचले.

“बसा बाई,” तो म्हणाला. “मी जरा पडतो.”

आणि दार सताड उघडं ठेवून, रस्त्याकडे तोंड करून तो झोपला.