नऊ वर्षांची गळती

मिस्त्रींनी चौथ्या चाकाचा शेवटचा नट आवळला, पान्यावर पाय देऊन खात्री केली आणि पाठ सरळ करताना तोंडून निसटलेलं कण्हणं खोकल्यात दडवलं. समोर स्टुलावर मास्तरांची लेक वही घेऊन बसली होती, आणि तिच्यापुढे म्हातारपण दाखवायची त्यांची तयारी नव्हती.

“चाकं झाली. पुढे काय?”

“ब्रेक झाले, बेल्ट झाला, प्लग झाले.” तिने वहीवरचं बोट खाली सरकवलं. “वायपर एकच चालतोय, काका.”

“चालवणाऱ्याच्या बाजूचा चालतोय ना? शेजारी बसणाऱ्याला रस्ता बघून काय करायचंय?”

ती हसली. तीन दिवसांत पहिल्यांदाच. मिस्त्रींनी दुसरा वायपरही मुकाट्याने कामात धरला.

उद्या सकाळी ती ही गाडी घेऊन निघणार होती. अठराशे किलोमीटर, चार दिवस. दुसऱ्या मुक्कामावर तिचा नवरा येऊन मिळणार होता. गाडी मिस्त्रींच्या लग्नाच्याही आधीची. गोल दिवे, लाकडी डॅशबोर्ड, आणि जरा पळवायची म्हटलं की हुडहुडी भरल्यासारखी थरथरणार. ट्रकवर चढव आणि मोकळी हो, असं ज्याने त्याने पोरीला सांगून पाहिलं. ती ऐकेना. “बाबा हीच गाडी चालवत माझ्याकडे यायचे होते,” एवढंच म्हणायची. मास्तर काही पोहोचले नव्हते. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी दात घासता घासता बेसिनपाशी कोसळले, ते उठलेच नाहीत.

खरं सांगायचं तर मिस्त्रींनी हे काम तोंड आंबट करूनच घेतलं होतं. पोरीला नाही म्हणता येईना म्हणून घेतलं. मास्तरांवर त्यांचा राग होता, आणि गेलेल्या माणसावरचा राग फार वाईट. तो काढायचा म्हटलं तरी समोर कुणी नसतं.

गेल्या वर्षापर्यंत नऊ वर्षं दर शनिवारी सकाळी मास्तर ही गाडी घेऊन गॅरेजात यायचे. तक्रार एकच. इंजिनाकडून रेडिएटरकडे जाणारी तांब्याची नळी दोन तुकड्यांची होती, आणि ते तुकडे जिथे पितळी नटाने जोडले होते तिथून पाणी गळायचं. फार नाही, थेंब थेंब. मिस्त्री नट आवळायचे, थोडा वेळ इंजिन चालू ठेवायचे, गळती बंद. पुढच्या शनिवारी नट पुन्हा पाव फेरा सैल आणि मास्तर पुन्हा दारात. मिस्त्रींनी वॉशर बदलले, नट दोनदा नवा घातला. थरथरीने सैल होत असेल म्हणून इंजिनाखालचे रबरही बदलून पाहिले. मास्तर हातकामात अगदीच ढ, घरचा बल्ब बदलायलाही शेजाऱ्याला हाक मारणारे. त्यांना मिस्त्रींनी त्या एका नटाच्या मापाचा पाना देऊन ठेवला होता. वाटेत गळायला लागलं तर हा एवढा नट आवळा, बाकी कशाला हात लावू नका, अशी तंबीही दिली होती.

पण त्या शनिवारांना मजा होती. काम दहा मिनिटांचं, बैठक दोन तासांची. गाडीचा आवाज ओळखून मिस्त्रींची बायको आतूनच ओरडायची, “अहो, आली बघा माझी सवत, रडत रडत!” आणि चहा टाकायची. मास्तर फारसे बोलायचे नाहीत. पालथ्या डब्यावर बसून मिस्त्रींचं काम बघायचे, मधूनच पेपरातलं काहीबाही वाचून दाखवायचे, दुसरा चहा झाला की उठायचे.

मग गेल्या वर्षी कोपऱ्यावरचा दुकानदार चारचौघांत म्हणाला, “मिस्त्रींच्या हाताला आता गुण राहिला नाही. नऊ वर्षं झाली, एक गळती निघेना!” ते मिस्त्रींच्या फार जिव्हारी लागलं. पुढच्या शनिवारी त्यांनी नळी सोडवून बाहेर काढली, बत्ती पेटवली आणि नट, नळी, सगळं पितळेचा डाग देऊन कायमचं एकजीव करून टाकलं.

“झालं,” ते म्हणाले. “आता वीस वर्षं इकडे यायला नको.”

मास्तरांनी वाकून जोडाकडे पाहिलं. “वीस वर्षं?”

“लिहून देतो.”

“वा,” मास्तर म्हणाले आणि चहा अर्धा ठेवून गेले.

पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. एकदा रस्त्यात पायी भेटले. गाडी काय म्हणते, मिस्त्रींनी विचारलं. ठणठणीत आहे, मास्तर म्हणाले. दोघेही जरा घुटमळले आणि आपापल्या वाटेने गेले. मिस्त्रींनी ते मनाला लावून घेतलं. काम होतं तोवर मिस्त्री, काम संपलं की ओळख संपली! चार महिने ते असे धुमसत राहिले आणि चार महिन्यांनी मास्तरच गेले. त्यांना पोचवायला मिस्त्री गेले खरे, पण सगळ्यांच्या मागे उभे राहून कुणाशी न बोलता परत आले.

“काका, एक विचारू? रागावणार नाही ना?” लेकीने वही मिटली.

“विचार.”

“ती गळती खरंच एवढी अवघड होती का हो?”

मिस्त्री फडक्याला हात पुसत राहिले.

“मी दर सुट्टीच्या आधी फोन करायची. बाबा, या. ते म्हणायचे, येणार तर गाडी घेऊनच येणार, जरा गळती आहे, तेवढी निघाली की निघालोच बघ. रेल्वेने या म्हटलं तर ऐकायचे नाहीत. नऊ वर्षं तेच. माझ्या मुलीने त्यांच्यासाठी खिडकीजवळचा पलंग ठरवून ठेवला होता. दुसऱ्या कुणाला बसू द्यायची नाही त्यावर.” तिने पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. “गेल्या वर्षी म्हणाले, निघाली गळती. म्हटलं, मग आता या. हो म्हणाले, थंडी सरली की येतो. थंडी सरायच्या आतच...”

मिस्त्रींनी फडकं खांद्यावर टाकलं.

“तुम्हाला दोष देत नाहीये मी,” ती घाईने म्हणाली. देत होती, आणि मिस्त्रींना ते रास्तच वाटलं. नऊ वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. मग ती पाण्याचे कॅन आणि जादा बेल्ट आणायला बाजारात गेली, आणि गॅरेजात मिस्त्री आणि गाडी दोघंच उरली.

बॉनेटखालचा तो जोड तेवढा बघायचा राहिला होता. तसं बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. त्यांच्याच हातचं काम होतं. पण पोरगी अठराशे किलोमीटर जाणार होती. मिस्त्री वाकले तर जोडावर काळं ग्रीस थापलेलं. इथे ग्रीसचं काय काम, असं पुटपुटत त्यांनी त्यावरून रॉकेलचं फडकं फिरवलं.

नटाचे कोपरे झिजून गोल झाले होते. पितळेवर कानशीचे ओरखडे होते, आडवेतिडवे, काही मध्येच सोडलेले. आणि खालच्या अंगाला, सहजी नजर जात नाही अशा जागी, करवतीच्या पात्याने पाडलेली एक खोल खाच होती. आरपार गेली नव्हती एवढंच.

आधी मिस्त्रींच्या अंगाचा भडका उडाला. माझ्या कामाला कुणी हात लावला? दुसऱ्या कुठल्या मिस्त्रीकडे नेली होती गाडी? मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. तो कारागिराचा हात नव्हताच. शिवाय नटाचे कोपरे गेले होते ते सगळे डाव्या फेऱ्याचे. आवळताना पाना निसटला तर उलट्या अंगाचे जातात. इथे कुणीतरी नट सैल करायला धडपडत होतं. कधीच फिरणार नव्हता असा नट, पुन्हा पुन्हा, जीव खाऊन. पान्याने जमेना म्हणून कानस घेतली, कानशीने जमेना म्हणून करवत. मग दम लागला असेल, नाहीतर स्वतःचीच लाज वाटली असेल, म्हणून ग्रीस थापून झाकून ठेवलं.

गाडीतला एवढा एकच नट मास्तरांना ठाऊक होता.

मिस्त्री जवळच्या डब्यावर टेकले. पहिल्यांदा गळती कधी लागली? मास्तरांची बायको गेली त्या वर्षी. त्याच्या आधी ती नळी कधी एक थेंब गळली नव्हती, आणि हे इतकी वर्षं आपल्या ध्यानात आलं नाही! घरी बोलायला कुणी नाही आणि उगाच कुणाकडे जाऊन बसायचा स्वभाव नाही. मास्तर माणूसच असा की कुणाच्या दारात उभं राहायचं तर हातात काहीतरी कारण हवं. आणि मिस्त्री असे की दारात कोण दिसलं की पहिला प्रश्न, “बोला, काय काम काढलंत?” दर शुक्रवारी संध्याकाळी मास्तर तो पाना घेऊन बॉनेटखाली वाकत असतील. पाव फेरा, डावीकडे. जास्त नाही, गाडी गॅरेजापर्यंत तर यायला हवी. असल्या माणसाला आपण तोंडावर सांगितलं की वीस वर्षं येऊ नका. वर लिहून द्यायला निघालो होतो. मिस्त्रींना रडू फुटलं.

बायको चहा घेऊन आली तेव्हा ते तसेच बसले होते.

“अहो, काय झालं?”

“रॉकेल गेलं डोळ्यात.”

“दोन्ही डोळ्यांत?” तिने कप खाली ठेवले. यंत्रातलं तिला ओ की ठो कळत नसे, पण माणसातलं कळायचं. मिस्त्रींनी तिला जोड दाखवला आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. तिने त्या खाचेवरून हळूच बोट फिरवलं.

“वेडा माणूस,” ती म्हणाली. “नुसतं आला असता तर मी चहा दिला नसता का?” मग पदराने डोळे टिपून म्हणाली, “पोरीला सांगा हे. तुमच्यावर उगाच ठपका ठेवून जायची ती.”

“सांगू? म्हणजे तिला काय कळेल?” मिस्त्रींचा आवाज चढला. “की गळती वगैरे काही नव्हती. बाप नऊ वर्षं यायला मोकळा होता, आणि आला नाही.”

“का नसतील हो गेले?”

“मला काय ठाऊक? घर सोडवत नसेल. लेकीच्या घरी पाहुणा म्हणून बसवत नसेल. आता कुणाला विचारणार?”

पोरीच्या कपावर बशी झाकून बायको आत गेली.

ती खाच चार दिवसांचा धक्का सोसणार नव्हती. मिस्त्रींनी नळी सोडवून बाकावर ठेवली आणि फळीवरचं तांब्याच्या नळीचं वेटोळं उतरवून त्यातून नवा तुकडा कापला. दोन तुकडे नाहीत, मध्ये जोड नाही, एकसंध. ते तो मापाने वाकवत होते तेवढ्यात लेक कॅन घेऊन आली. जुनी नळी बाकावरच पडली होती. तिने ती उचलली, उजेडाकडे धरली.

“काका, हे काय? हे कुणी कापलंय?”

मिस्त्रींनी हातातलं काम थांबवलं नाही. “माझ्याच हातून झालंय ते.”

“तुमच्या?”

“नट सोडवायला गेलो, सुटेना. मग कानस लावली, मग करवत. पार वाट लावून ठेवली.” चाळीस वर्षांत स्वतःच्या कामाबद्दल असं ते कुणापुढे बोलले नव्हते, जीभ उचलेना. “मुळात तो जोडच मला कधी जमला नाही, पोरी. आज घालतोय तशी अख्खी नळी तेव्हाच घालायला हवी होती. अर्ध्या दिवसाचं काम.”

“अर्ध्या दिवसाचं?”

“हो.”

तिने नळी बाकावर ठेवली. बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक होता.

“तेव्हाच घातली असती, तर बाबा आले असते.”

मिस्त्रींनी मान वर केली. तिचा चेहरा मास्तरांसारखा होता, हे त्यांना तीन दिवसांत आत्ता दिसलं.

“आले असते,” ते म्हणाले. “पहिल्याच सुट्टीत आले असते. दर शनिवारी मला विचारायचे, मिस्त्री, कधी निघणार ही गळती, तिकडे लेक वाट बघतेय.”

“असं म्हणायचे?”

“दर शनिवारी.”

ती भिंतीकडे तोंड करून रडली, बराच वेळ. मिस्त्री मध्ये पडले नाहीत. रडून झाल्यावर तिने चेहरा पुसला, जुनी नळी भंगाराच्या ढिगावर टाकली आणि जवळ येऊन उभी राहिली. मिस्त्रींनी नव्या नळीचं एक टोक इंजिनापाशी बसवलं आणि दुसरं तिला धरायला सांगितलं. त्यांच्याकडे न बघताच तिने ते घट्ट धरलं, आणि मिस्त्री नट आवळायला वाकले.