उंबऱ्यावरच्या दोन पुड्या

जननी चेन्नईला गेली तर गोपालकृष्णरावांच्या पदरात महिन्याला दोन शनिवार पडणार होते. पुण्याला गेली तर एकही नाही. माणूस चौतीस वर्षं बँकेत कॅशियर होता, एवढा हिशेब त्याला कागदाशिवाय येत होता.

कुंभकोणमला कॉलेजच्या मागच्या गल्लीत विठोबाचा भजनमठ आहे, तो राव सांभाळतात. मठ बांधला तेव्हा गल्लीत मराठी बोलणारी अठरा घरं होती. आता एकच, आणि रावांची बायको मीनाक्षीबाई वारल्यापासून त्यातही बोलणारा एकटाच. मुलगा फोनवर तमिळ बोलतो, नातवंडं इंग्रजी. मठात निदान आवाज तरी असावा म्हणून रावांनी होस्टेलात कळवलं होतं: शनिवारी भजन, नंतर पानावर जेवण, कोण कुठला ते कोणी पुसणार नाही.

पोरं आली, चाळीस-चाळीस आली. तमिळ अक्षरांत लिहिलेले अभंग खणखणीत म्हणत. अर्थ एकालाही ठाऊक नसे आणि नाकं रसमच्या वासाकडे लागलेली असत. बी.कॉम.चा विघ्नेश तर आरती लांबली की झांजा दुप्पट वेगाने वाजवी. राव त्याला भक्ती समजत.

अर्थ विचारला तो एकट्या जननीने. ती तिरुप्पनंदाळची, बस कंडक्टरची मुलगी. शनिवारी चारलाच यायची आणि भाजी चिरता चिरता रावांकडून मराठी शिकायची. तीन वर्षांत पोरगी रावांसारखीच ‘कोठे’ नि ‘मजकडे’ म्हणू लागली. रावांचे बाकीचे सहा दिवस दूधवाल्याशी नि भाजीवाल्याशी तमिळमध्ये जात. शनिवारी ते साडेतीनपासून दारात उभे असत. कोणी हटकलं तर म्हणत, वारा घेतो आहे.

शेवटच्या वर्षी तिला एका कंपनीत नोकरी लागली. जागा दोन होत्या. चेन्नईची साधी, पुण्याची वरची, आणि तीही मराठी येते म्हणूनच देऊ केलेली. उत्तर त्याच रात्री कळवायचं होतं. तिने भाजीची विळी बाजूला सारली आणि काय करू म्हणून रावांना विचारलं.

“मी कोण सांगणारा, बाळे? विठोबास पूस.”

देवाला पुसायची रीत इकडे जुनी आहे. पांढरं फूल एका पुडीत, तांबडं दुसऱ्या पुडीत, दोन्ही पुड्या सारख्या बांधून गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवायच्या आणि तिऱ्हाईत माणसाने डोळे मिटून एक उचलायची. ठरलं असं की पांढरं निघालं तर पुणं, तांबडं निघालं तर चेन्नई. पुड्या बांधायचं काम पूजा करणाऱ्याचं, म्हणजे रावांचं. केळीचं पान घेऊन ते आत गेले. त्यांना जरा वेळ लागला.

उचलायला विघ्नेशला बोलावलं, कारण तो जेवणाच्या सगळ्यात जवळ उभा होता. पुडीत तांबडी कण्हेर निघाली. जननी फुलाकडे बघत राहिली, मग मोबाइल काढून चेन्नई कळवून मोकळी झाली. रावांनी त्या रात्री तिच्या पानावर दोनदा पायसम वाढलं, न मागता.

आता देवापुढचं निर्माल्य रात्री हलवायचं नाही, सकाळी काढायचं, असा मठाचा नियम. राव काही नियम मोडणारे नव्हेत. दुसरी पुडी उंबऱ्यावरच राहिली.

सकाळी राव विहिरीवर पाणी काढत असताना जननी अभंगांची वही परत द्यायला आली. राव घागर घेऊन आत आले तेव्हा पुडी सोडलेली होती. उंबऱ्यावर दोन फुलं शेजारी शेजारी, दोन्ही तांबडी. जननी कानाला मोबाइल लावून उभी होती. पलीकडून सांगत असावेत की पुण्याची जागा दुसऱ्याला दिली, कारण तिने एवढंच म्हटलं, बरं, आणि फोन ठेवला.

रावांना बोलायचं पुष्कळ होतं. तोंडातून आलं ते हे: “जेवून जा.”

तिने वही खाली ठेवली, वाकून नमस्कार केला.

“पोयिट्टु वरेन, मामा,” ती म्हणाली.

म्हणजे जाऊन येते. तमिळमध्ये निरोप घेताना सगळेच असं म्हणतात, परत न येणारेसुद्धा. पण तीन वर्षांत ती रावांशी तमिळ कधी बोलली नव्हती.

चेन्नईहून कुंभकोणमला रात्रीत गाडी येते. वर्ष झालं. राव दोनदा फोन करून बसले. तिने अदबीने तब्येत विचारली, तमिळमध्ये.

तेव्हा या हिशेबात कोणी काय भरलं ते सांगून टाकू. विघ्नेशने काही भरलं नाही, उलट त्या रात्री दुसऱ्यांदा भात घेतला. विठोबाचं काही गेलं नाही. जननीने पुणं भरलं. बाकीचं रावांनी भरलं, आणि ते अजून भरताहेत, आठवड्याचे सातही दिवस, तमिळमध्ये.